स्टारबकने बंदूक परत का ठेवली? (‘मोबी डिक’ आणि शौर्य)

अस्मानी (नेरुळ)

‘मोबी डिक’चं नाव काढलं की दोन मिनिटांत गाडी पांढऱ्या देवमाशावर येते. तो म्हणजे देव, की नियती, की निसर्ग, की कॅप्टन अहॅबच्या डोक्यातलं भूत? आमच्या वाचनकट्ट्यावरही परवा हेच झालं. चहा दोनदा झाला, देवमाशाचे सात-आठ अर्थ निघाले आणि प्रत्येकाला आपलाच पटला. मला त्यात फार रस वाटेना, कारण पुस्तक संपल्यापासून माझं डोकं एका पातळशा दारापाशी अडकलंय. इथे दर्दी मंडळी आहेत, म्हणून धागा काढते आहे. हर्मन मेलव्हिलची कादंबरी १८५१ची आहे, तेव्हा शेवट फुटला म्हणून कोणी रुसू नये.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या नॅन्टकेट बेटावरून ‘पीक्वॉड’ नावाचं जहाज देवमाशांच्या शिकारीला निघतं. तेल आणायचं, विकायचं, ज्याने त्याने आपला वाटा घ्यायचा, असा सरळ धंदा. पण कॅप्टन अहॅबचा पाय मागच्या सफरीत एका पांढऱ्या देवमाशाने तोडलाय, आणि त्याला आता तेल नको, सूड हवाय. भर समुद्रात तो सगळ्यांना जमवतो, डोलकाठीवर सोन्याचं नाणं ठोकतो, दारू पाजतो, शपथ घ्यायला लावतो. तीसेक माणसांत तोंड उघडतो तो एकटा पहिला मेट, म्हणजे कॅप्टनच्या खालोखालचा अधिकारी, स्टारबक. मुक्या जनावरावर कसला सूड, आणि या सुडाची नॅन्टकेटच्या बाजारात किती पिंपं भरणार, असं तो सगळ्यांदेखत विचारतो.

आता थेट १२३वं प्रकरण. वादळ ओसरलंय. वारा अनुकूल झाला हे कॅप्टनला सांगायला स्टारबक खाली जातो. केबिनबाहेर बंदुका लावलेल्या आहेत. त्यातलीच एक अहॅबने मागे त्याच्यावर रोखली होती. नेमकी तीच तो उचलतो. आत म्हातारा झोपलाय, मध्ये ते दार. हा एक गेला तर तीस जण वाचतात, मेरी आणि पोरगा मला पुन्हा दिसतात, असा हिशोब तो मांडतो. बांधून कैदी म्हणून घरी न्यावं का, याचाही विचार करतो. झेपणार नाही म्हणून सोडून देतो. कायदा दोन महासागर आणि एका खंडापलीकडे राहिलाय. बंदुकीची नळी दाराच्या फळीवर थडथडते आहे. आतून अहॅब झोपेतच देवमाशाच्या नावाने ओरडतो. स्टारबक बंदूक जागेवर ठेवतो, वर येतो आणि दुसऱ्या मेटला, स्टबला, सांगतो की तूच जाऊन उठव त्यांना.

त्यानंतर बारा प्रकरणांत जहाज तळाला.

मेलव्हिलने याची तयारी फार आधीपासून केली आहे. २६ आणि २७ या दोन्ही प्रकरणांना त्याने एकच नाव दिलंय, सरदार आणि त्यांचे शिलेदार अशा अर्थाचं. पहिला सरदार अर्थातच स्टारबक. ज्याला देवमाशाची भीती वाटत नाही असा माणूस माझ्या होडीत नको, असं म्हणणारा. बाप आणि भाऊ याच धंद्यात गमावलेला, तरीही रोज त्या इवल्याशा होडीत बसून साठ-साठ फुटी जनावराला भिडणारा. म्हणजे धीट तर तो आहेच. पण तिथेच मेलव्हिल सांगून टाकतो की हे धैर्य समुद्रापुढे, वाऱ्यापुढे, देवमाशापुढे टिकतं. संतापलेल्या बलाढ्य माणसाच्या कपाळावरच्या आठीपुढे टिकत नाही. २६व्या प्रकरणात वर्तवलेलं भविष्य १२३व्यात खरं होतं. माझ्या मते कादंबरीतलं शौर्य या दोन प्रकरणांच्या मध्ये पसरलंय. अहॅब आणि देवमासा यांची झुंज हा त्याचा देखावा झाला.

बंदूक परत ठेवणं हे शौर्य की भ्याडपणा, असा वाद आमच्याकडे झाला. खून केला नाही म्हणून तो मोठा, असं एका मैत्रिणीचं मत. मला ती निव्वळ सवय वाटते. मी मोठ्या कचेरीत काम करते. असे स्टारबक प्रत्येक मजल्यावर दोन-तीन असतात. बैठकीत आक्षेप नोंदवतात, इतिवृत्तात तो आला की नाही ते तपासतात, आणि मग ज्याला आक्षेप घेतला तेच काम सगळ्यांत नीटनेटकं करून देतात. अहॅबला त्या देवमाशापर्यंत पोचवलं कुणी? वेडाच्या जोरावर जहाज चालत नाही. शिडं वेळेवर कमी करणारा, पिंपं तपासणारा, पहारे लावणारा स्टारबक होता म्हणून ‘पीक्वॉड’ तिथवर गेलं.

अजून एक जागा. १३०व्या प्रकरणात अहॅबला डोलकाठीवर चढून स्वतः टेहळणी करायची असते. त्याला दोराने वर ओढतात. खाली तो दोर ज्याच्या हातात, त्याच्या हातात जीव. अहॅब सगळ्यांकडे बघतो आणि दोर देतो स्टारबकला. ज्याने विरोध केला त्यालाच! निवेदकालाही याचं नवल वाटतं. मला वाटलं नाही. माणूस ओळखून दिलाय दोर.

तुम्हाला काय वाटतं? आणि देवमाशाचा अर्थ सांगायचाच असेल तर आधी ९९वं प्रकरण वाचा, मग सांगा.


टोच्या

मी लहानपणी चित्रांची संक्षिप्त आवृत्ती वाचली होती. त्यात बंदूक नव्हती, दार नव्हतं, नुसता मासा होता.
एवढा विचारी माणूस, आणि जगात त्याचं नाव कशाला उरलं, तर मॉलमधल्या महागड्या कॉफीला. स्टारबक्सचं नाव याच्यावरूनच आहे ना? दिवे घ्या.


काकडआरती (ठाणे, नौपाडा)

अस्मानीताई, धागा आवडला. तुमचा स्टारबक आपल्याकडे केव्हाच होऊन गेलाय. द्यूतसभा आठवा. भीष्म, द्रोण, कृप सगळे माना खाली घालून बसलेत. उठतो कोण? विकर्ण. दुर्योधनाचा सख्खा भाऊ. द्रौपदी जिंकली गेलेली नाही, असं तो भर सभेत, कारणं देऊन सांगतो. कर्ण त्याला पोर ठरवून गप्प करतो. आणि पुढे? युद्धात विकर्ण कौरवांकडूनच लढतो, आणि भीमाच्या हातून मरतो. त्याला मारल्यावर भीमालाही वाईट वाटतं.

विकर्ण बोलला म्हणून आपण त्याला मान देतो. पण तो बोलून थांबला, त्याने बाजू सोडली नाही. बाजू सोडली ती युयुत्सूने. युद्ध सुरू व्हायच्या आधी युधिष्ठिराने हाक दिली, इकडे यायचंय त्याने यावं, आणि धृतराष्ट्राचा हा दासीपुत्र सरळ पांडवांकडे चालत गेला. तो वाचला. गंमत अशी की युयुत्सूचं नाव शंभरातल्या दहांनाही आठवत नाही.

तुमच्या सवय या शब्दाशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. विकर्णाला कुळ होतं, स्टारबकला समुद्रावरची शिस्त होती. हे आतून आलेले धर्म आहेत. माणूस ते सवयीने पाळत नाही, मानतो म्हणून पाळतो. जहाजावर कॅप्टनला मारणं म्हणजे सगळ्या जहाजांवरच्या सगळ्या कॅप्टनांना मारणं, असं त्याला वाटलं असेल.


खुसपट

९९वं प्रकरण वाचलं. नाण्याचं. इक्वेडोरचं सोन्याचं नाणं, त्यावर तीन शिखरं: एकावर ज्वाला, एकावर बुरूज, एकावर आरवणारा कोंबडा, आणि वर राशिचक्राचा तुकडा. अहॅबला तिन्ही शिखरांत अहॅबच दिसतो. स्टारबकला बायबल. स्टब पंचांग काढून राशींवरून माणसाचं आयुष्य वाचतो. तिसरा मेट फ्लास्क एकदम व्यवहारी: नाणं १६ डॉलरचं, दोन सेंटला एक सिगार, म्हणजे ९६० सिगार.

१६ डॉलर भागिले २ सेंट = ८००. मेलव्हिलसाहेब, गणित?


अस्मानी

खुसपट, तुमच्या नावाला जागलात. :)
पण कोण जाणे, फ्लास्कलाच गणित येत नसेल, आणि ते मेलव्हिलला माहीत असेल.

त्या प्रकरणात शेवटी जहाजावरचा वेडा पोरगा पिप येतो. होडीतून पाण्यात पडला, एकटा समुद्रात सोडला गेला, आणि बाहेर काढला तेव्हा डोकं गेलेलं होतं. तो नाण्याकडे बघून फक्त ‘पाहणे’ क्रियापदाची रूपं म्हणतो: मी पाहतो, तू पाहतोस, तो पाहतो. मला ते प्रतीकं उलगडत बसणाऱ्या आपल्या सगळ्यांवरचं भाष्य वाटतं. म्हणून देवमाशाच्या अर्थाचा आग्रह मी सोडलाय.

काका, युयुत्सूबद्दल आभार, मी विसरले होते. पण शिस्त मानणारा माणूस त्या दारापर्यंत बंदूक घेऊन जातो का?


चीफमेट_सीवूड्स

सुट्टीवर घरी आहे, म्हणून एवढं लिहायला वेळ आहे. मी स्वतः चीफ ऑफिसर, म्हणजे स्टारबकच्याच जागेवरचा. मला हे पुस्तक प्रतीकांपेक्षा उपकरणांसाठी आवडतं. क्रम बघा.

११८: अहॅब क्वाड्रंट डेकवर आपटून पायाखाली चिरडतो. क्वाड्रंटने माध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजायची आणि अक्षांश काढायचा. म्हणजे आपण कुठे आहोत हे बाहेरून, आकाशाकडून विचारायची सोय गेली. तो म्हणतो, मला होकायंत्र आणि लॉग (दोरीला बांधून पाण्यात टाकायचं, वेग मोजायचं साधन) पुरे. म्हणजे डेड रेकनिंग: दिशा माहीत, वेग माहीत, त्यावरून जागेचा अंदाज.
१२४: विजांच्या वादळाने होकायंत्राच्या सुया उलट्या झाल्यात. जहाज पूर्वेला चाललंय असं काटा म्हणतो, आणि सकाळचं ऊन येतंय मागून! अहॅब शिडं शिवायच्या सुईवर घाव घालून नवीन काटा तयार करतो आणि खलाशांसमोर जादूगारासारखा मिरवतो.
१२५: लॉग टाकतात. त्याची दोरी उन्हापावसात पडून कुजलेली. एक म्हातारा खलाशी सांगतोही, हिचा भरवसा नाही. टाकल्या टाकल्या तुटते.

आकाश गेलं, दिशा गेली, वेग गेला. आणि या तिघांच्या बरोबर मध्ये, १२३वर, ती बंदूक. पहिलं वाचन केलं तेव्हा मी जहाजावरच होतो, वॉच संपवून केबिनमध्ये आलो होतो. हा क्रम लक्षात आल्यावर मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. माझ्या मते बंदूक हे चौथं उपकरण आहे. कॅप्टन चुकला तर त्याला रोखायला जहाजावर जे काही असतं, ते. ते स्टारबकने स्वतः बाजूला ठेवलं.

आमच्याकडे आता याचं प्रशिक्षण असतं. ब्रिज रिसोर्स मॅनेजमेंट म्हणतात (ब्रिज म्हणजे जिथून जहाज चालवतात ती जागा). कनिष्ठाने शंका स्पष्ट शब्दांत बोलायची, कॅप्टनने ती ऐकून घ्यायची. १ जुलै १९९८पासून लागू झालेल्या आयएसएम कोडप्रमाणे (जहाजं सुरक्षित चालवण्याचे आंतरराष्ट्रीय नियम) कंपनीत किनाऱ्यावर एक नेमलेला माणूस असतो, थेट वरच्या व्यवस्थापनापर्यंत पोच असलेला. जहाजावरून कोणीही त्याला गाठू शकतो. स्टारबकचे दोन महासागर आणि एक खंड आता एका फोनवर आलेत.

तरी काय होतं ते सांगतो. १ ऑक्टोबर २०१५ला ‘एल फारो’ हे अमेरिकी मालवाहू जहाज जॅक्सनविलहून सान हुआनला जाताना बहामा बेटांजवळ होआकिन चक्रीवादळात बुडालं. ३३ माणसं होती, एकही वाचला नाही. पुढच्या वर्षी साडेचार किलोमीटरांहून खोल पाण्यातून व्हॉयेज डेटा रेकॉर्डर, म्हणजे जहाजाचा ब्लॅक बॉक्स, काढला. त्यात ब्रिजवरचं २६ तासांचं बोलणं आहे. रात्री वॉचवरच्या मेट मंडळींनी कॅप्टनला केबिनमध्ये फोन केले. वादळ जवळ येतंय, दक्षिणेकडून वळून जाऊ, असं सुचवलं. कॅप्टनने ठरलेला मार्ग चालू ठेवायला सांगितलं. त्यांनी ठेवला. आपसात मात्र ते काळजीने बोलत राहिले. तो अहवाल वाचताना मला दर पानावर स्टारबक दिसत होता. तिथे कोणी वेडा नव्हता, कुणाचा सूड नव्हता. फोन उचलून सुचवून झालं की आपलं काम झालं, असं वाटण्याची जी जागा आहे ना, ती मला चांगली माहीत आहे.


उधाण

सगळे स्टारबकच्या मागे लागलात. अहो, अहॅब नसता तर हे पुस्तक १३५ प्रकरणांचं तेलाच्या हिशोबाचं बाड झालं असतं. (आत्ताही मधली बरीच तशीच आहेत. देवमाशांच्या वर्गीकरणाचं ३२वं प्रकरण ज्यांनी एका बैठकीत वाचलंय त्यांना माझा दंडवत.)

अहॅब म्हणतो की दिसणाऱ्या वस्तू हे पुठ्ठ्याचे मुखवटे आहेत, मारायचंच तर मुखवटा फोडून पलीकडे मारा. जे घडलं ते मुकाट्याने न स्वीकारणारा तो त्या जहाजावरचा एकमेव माणूस आहे. बाकीचे नशीब म्हणतात, देवाची इच्छा म्हणतात, वाटा म्हणतात. १३२व्या प्रकरणात तो स्टारबकपाशी मन मोकळं करतो: चाळीस वर्षं समुद्रावर, त्यातली तीनही जमिनीवर नाहीत, पन्नाशीनंतर केलेलं लग्न, आणि दुसऱ्याच दिवशी जहाजावर. त्याच्या डोळ्यातला एक थेंब समुद्रात पडतो. तो वेडा आहे, पण त्याला आपलं वेड दिसतंय. माझ्या लेखी नायक तोच.


रानजाई (घणसोली)

उधाण, अहॅब वाटेत भेटलेल्या ‘रेचेल’ जहाजाच्या कॅप्टनला नाही म्हणतो तेव्हाही तुमचा नायकच का? त्या माणसाचा बारा वर्षांचा मुलगा समुद्रात हरवलाय. तो शोधायला दोन दिवस मदत मागतोय. नॅन्टकेटचा, ओळखीचा माणूस. अहॅब वेळ नाही म्हणतो. शोकांतिकेचा नायक मोठा असतो, मान्य, पण त्या प्रकरणानंतर माझी त्याच्यावरची माया आटली ती आटलीच.

मला वेगळंच सांगायचंय. आपली घारापुरी या पुस्तकात आहे, हे किती जणांच्या लक्षात आलं? ५५व्या प्रकरणात मेलव्हिल देवमाशांच्या चुकीच्या चित्रांची खिल्ली उडवतो आणि सांगतो की देवमाशाचं जगातलं सगळ्यांत जुनं चित्र घारापुरीच्या लेण्यात आहे: विष्णूचा मत्स्यावतार. वर हेही की शेपूट साफ चुकलंय, अजगरासारखं दिसतं. मेलव्हिल कधी भारतात आला नाही, जे काही मिळालं ते पुस्तकांतून. घारापुरीचं मुख्य लेणं शैव आहे. सदाशिवाची ती प्रचंड त्रिमुखी मूर्ती, अर्धनारीश्वर, गंगाधर, नटराज. तिथे मत्स्यावतार शोधायला कोणी गेलं तर हात हलवत परत येईल.

पण हा गोंधळ मला आवडतो, कारण पुढे ८२व्या प्रकरणात तो याच विष्णूला देवमासेमारांच्या मानाच्या यादीत बसवतो. पर्सियस, सेंट जॉर्ज, हर्क्युलिस, योना आणि विष्णू! समुद्रतळाशी गेलेले वेद वर आणायला विष्णू देवमासा झाला, म्हणजे तोही आमच्याच धंद्यातला, असा युक्तिवाद. मारणारे आणि स्वतः देवमासा होणारा एकाच यादीत. योनाला तर देवमाशाने गिळलं होतं, त्याने काय मारलं? मेलव्हिल वीरपुरुषांची यादी लावता लावता त्यांची टिंगल करतोय. अटल सेतूवरून घारापुरीचं बेट दिसलं की मला ही यादी आठवते आणि हसू येतं.

हसू येत नाही ते फेडल्लापाशी. अहॅबने लपवून आणलेला पारशी, सावलीसारखा मागे उभा, भविष्य सांगणारा, जवळजवळ सैतान. आपल्या भागातल्या माणसाला हे पचत नाही. मेलव्हिल जन्मला १८१९मध्ये. त्याच्या दोन वर्षं आधी मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानी ‘ट्रिंकोमाली’ बांधली, आणि ती इंग्लंडमध्ये अजून उभी आहे. जहाज या वस्तूशी पारशांचं एवढं खरं नातं असताना मेलव्हिलला दिसली फक्त आग. प्रतीक करायच्या नादात माणूस गेला. अस्मानी, तुमच्या मुद्द्याला हे जोडून घ्या: देवमाशाला अर्थ चिकटवला तर देवमाशाचं काही बिघडत नाही, माणसाला चिकटवला की बिघडतं.


खुसपट

रानजाई, उत्तम प्रतिसाद. देवमासा हा मासा नाही, सस्तन प्राणी आहे, हे कोणीतरी लिहायलाच हवं होतं म्हणून लिहितो. मेलव्हिल मात्र ३२व्या प्रकरणात ठासून सांगतो की देवमासा मासाच, आणि साक्षीला योनाला बोलावतो.


टोच्या

देवमाशाची उलटी विकताना पकडले, अशा बातम्या ठाण्यातून अधूनमधून येतात, त्याबद्दल मेलव्हिलचं काय म्हणणं आहे?


अस्मानी

टोच्या, अहो आहे ना! ९१ आणि ९२. स्टब एका फ्रेंच जहाजाला गंडवून सडका देवमासा सोडायला लावतो आणि त्याच्या पोटातून अंबर, म्हणजे तुमची ती ‘उलटी’, काढतो. उंची बायका आणि बाप्ये आजारी देवमाशाच्या आतड्यातला पदार्थ अंगाला लावून मिरवतात, म्हणून मेलव्हिल खदखदून हसतो. आपल्याकडे मात्र हसण्यावारी नेऊ नका, वन्यजीव कायद्याखाली आत जाल.


दिवाळेकर

मी दिवाळे कोळीवाड्यातला. आजा डोलीवर (डोल जाळ्याच्या मासेमारीला) जायचा, बाप गेला, मी नोकरी करतो, पण पट्टीच्या हवेला चुलत्याबरोबर अजून जातो. इंग्रजी पुस्तक पूर्ण वाचलं नाही, भाचीने गोष्ट सांगितली आणि हा धागा दाखवला. तर माझे दोन शब्द.

तुम्ही सगळे एका मेटच्या मागे लागलात. बाकीचे तीस काय करत होते? आमच्याकडे तांडेलाचा, म्हणजे होडीवरच्या म्होरक्याचा, शब्द शेवटचा, खरंय. जाळं कुठे टाकायचं, कधी वळायचं, तोच सांगणार. पण हवा फिरली आणि खलाशांना बरोबर वाटलं नाही, तर ते बोलतात, आणि तांडेल ऐकतो. मोठ्या मनाचा असतो म्हणून नाही. उद्या पहाटे त्याला तेच खलाशी लागणार असतात, आणि त्यातले निम्मे त्याचे भाऊबंद असतात. घरी त्यांच्या बायका त्याच्या बायकोशी भांडणार. होडीवर एकट्याचं डोकं चालतच नाही.

दुसरं, वाटा. आमचा हिशोब मासळीवर. मासळी नाही तर कोणालाच काही नाही, नाखव्यालाही (होडीच्या मालकालाही) नाही. तुमच्या त्या जहाजावरही वाटाच होता ना? मग कॅप्टन तेल सोडून एकाच माशामागे चालला, तर ते तीस जण आपलंच पोट मारून घेत होते. एका सोन्याच्या नाण्यावर गप्प बसले? नाणं तर एकालाच मिळणार.


अस्मानी

दिवाळेकर, धाग्यातला हा सगळ्यांत अडचणीचा प्रश्न आहे, आणि कट्ट्यावर आमच्यापैकी एकीलाही सुचला नव्हता. हो, वाटाच होता. निवेदक इश्माएलला नफ्याचा तीनशेवा, हारपून फेकण्यात वाकबगार क्वीक्वेगला नव्वदावा.

आणि ते गप्प नव्हते, ओरडत होते. ४१व्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच इश्माएल सांगतो की मीही त्या घोळक्यातलाच, माझीही आरोळी त्यात होती, आणि मनात भीती होती म्हणून मी जास्तच जोराने ओरडलो. नंतर ही गोष्ट सांगणारा, एकटा वाचलेला माणूस तो हाच. आपण त्याच्या डोळ्यांनी स्टारबककडे बघतो आणि त्याला कच्चा ठरवतो. बोलला तेवढा एक स्टारबकच, हे सोयीस्करपणे विसरतो.


उधाण

आणि मेलव्हिलला नकार देणं म्हणजे काय ते नक्की माहीत होतं. ‘अकुश्नेट’ या देवमासेमारी जहाजावर तो जानेवारी १८४१मध्ये चढला आणि जुलै १८४२मध्ये नुकुहिवा बेटावर पळून गेला. पुढच्या जहाजावर, ‘लूसी ॲन’वर, खलाशांनी काम करायला नकार दिला, त्यात हा होता. ताहितीला अटकेत राहिला. असा माणूस कादंबरी लिहितो तेव्हा ‘पीक्वॉड’वरच्या एकालाही पळून जाऊ देत नाही, एकालाही हातातलं काम खाली ठेवू देत नाही. हे काही विसरून झालेलं नाही.


काकडआरती

नकारावरून आठवलं. १८ फेब्रुवारी १९४६, मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या तळातले नौसैनिक. सुरुवात निकृष्ट जेवण आणि अपमानास्पद वागणूक यावरून. जेवण नाही, काम नाही, एवढंच. कोणी कुणाच्या दारावर बंदूक टेकवली नाही. बघता बघता बंदरातल्या जहाजांवर लोण पोचलं. त्यांना आपण वीर म्हणायला फार उशीर केला, तो विषय निराळा. दिवाळेकर म्हणतात ते खरं आहे, स्टारबक दारापाशी एकटा गेला हीच त्याची गोची. खाली जाण्याआधी तो खलाशांशी बोललाच नाही.


अस्मानी

काका, खलाशांशी बोलला असता तर बंड झालं असतं, आणि बंड म्हणजे त्याच्यासारख्या देवभीरू क्वेकरला (हिंसा न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या माणसाला) खुनाइतकंच पाप. मला अजूनही तो सवयीचा बळी वाटतो. चीफमेट, तुम्हाला सरळच विचारते. तुम्ही त्या दारापाशी असता तर?


चीफमेट_सीवूड्स

गोळी घातली नसती. पण मी त्या दारापर्यंत पोचायच्या आधीच काहीतरी केलं असतं असं मला वाटायला आवडतं, आणि त्यासाठी पुस्तकातच जागा आहे. तुम्ही मूळ पोस्टमध्ये बंदूक आधी रोखल्याचं लिहिलंत, पण का रोखली आणि पुढे काय झालं ते सोडून दिलंत. १०९वं काढा. तळघरात पिंपं गळताहेत. नियमाप्रमाणे थांबून, पिंपं वर काढून गळती शोधायला हवी. अहॅब म्हणतो गळू दे. स्टारबक केबिनमध्ये जाऊन म्हणतो की हे तेल आणायला आपण वीस हजार मैल आलो, मालक काय म्हणतील? अहॅब मालकांना खड्ड्यात घालतो, बाहेर हो म्हणतो. स्टारबक हलत नाही, उलट एक पाऊल पुढे येतो. तेव्हा अहॅब बंदूक उचलतो. स्टारबक आवाज न चढवता सांगतो की तुम्ही मला भिऊ नका, अहॅबने अहॅबला भ्यावं. आणि निघून जातो.

पुढे काय? अहॅब बंदूक ठेवतो, डेकवर येतो, आणि पिंपं वर काढायचा हुकूम देतो. का दिला हे निवेदकालाही नक्की सांगता येत नाही. माणुसकी म्हणा, नाहीतर खलाशी बिथरू नयेत म्हणून केलेला धूर्तपणा. काहीही असो, जहाज थांबलं. अख्ख्या पुस्तकात अहॅब नमतो तो इथे, आणि नमवणाऱ्याच्या हातात काहीच नसतं. नुसता कामाचा मुद्दा आणि जागेवरून न हलणं.

म्हणून मला १२३ वाचताना बंदुकीचा राग येत नाही. १०९ला जमलेली गोष्ट स्टारबकने पुन्हा करून बघितली नाही, याचा येतो. क्वाड्रंट फुटला तेव्हा त्याने पाऊल पुढे टाकायला हवं होतं. कामाचा मुद्दा होता, नियम त्याच्या बाजूने होता, सगळे खलाशी बघत होते. तिथे तो बाजूला उभा राहिला.